गाव कुठलं, विचारू नये

मला मीनाक्षी सिस्टरांनी ठेवून घेतलं. काय झालं आणि कसं झालं ते पुढं सांगतेच, पण हे वाक्य आधी लिहून मोकळी होते. मी एकदा बोलायला लागले की चुकार मेंढरासारखी भलत्या रानात शिरते आणि ज्याचं नाव घ्यायचं तोच माणूस मागं राहतो. सातवी झाली, आठवीत शाळा सुटली, माडग्याळकडच्या वस्तीवरून साताऱ्याला आलेली बाई मी. माझ्यासारखीला लोकांच्या गुपितांच्या दारात बसवायचं धाडस त्यांनी केलं, आणि मी पहिल्याच महिन्यात त्या दाराची चावडी केल्यावरसुद्धा त्यांनी मला उठवलं नाही.

माझं नाव मायाक्का. साताऱ्यात सगळे ‘माया’ म्हणतात, तेवढ्यानं मी शहरातली वाटते म्हणे. आमचा धंदा मेंढरांचा. पावसाळा संपला की आप्पा कळप घेऊन निघायचे, मागून आम्ही. शाळा एका जागी उभी राहते आणि मेंढरं राहत नाहीत, म्हणून शाळा सुटली. पुढं थोरल्या अक्काचं लग्न औद्योगिक वसाहतीत कामाला असलेल्या माणसाशी झालं आणि तिच्या बाळंतपणाला मला साताऱ्याला धाडलं. चाळीस दिवसांसाठी आले होते. चाळीसाचे चार महिने झाले आणि अक्काला पुन्हा दिवस राहिले. मी तिला घेऊन मीनाक्षी सिस्टरांच्या केंद्रावर गेले, तिची तांबी बसवायची वेळ हुकली होती म्हणून दोघी पडवीत बसून रडलो आणि सिस्टरांनी मला विचारलं, “लिहिता येतं का?” मी म्हटलं, “येतं, पण हळू.” त्या म्हणाल्या, “हळूच लिहायचंय.” अशी मी नोकरीला लागले.

आमचं केंद्र एका धर्मादाय संस्थेचं. काम दोन प्रकारचं. मूल नको असेल किंवा इतक्यात नको असेल, तर काय काय करता येतं ते सांगायचं आणि करून द्यायचं: गोळ्या, तांबी, तीन महिन्यांची सुई, निरोध, बाईची शस्त्रक्रिया, पुरुषाची नसबंदी. आणि दुसरं, नवराबायकोच्या किंवा कुणाच्याही संबंधातून जे आजार लागतात त्यांची रक्ततपासणी करून औषध द्यायचं. झालं, एवढंच. यात चोरी नाही, दरोडा नाही. पण लोक यायचे ते असे, की पोलीस चौकीत हजेरी द्यायला येणारा माणूस त्यापेक्षा ताठ चालतो.

रिक्षा थेट आमच्या दारात कधीच थांबली नाही. माणसं पोवई नाक्यावर उतरायची आणि उरलेलं अंतर चालत, मध्ये एकदा पान खाऊन, एकदा चुकल्यासारखं करून, एकदा समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उगाच आधार कार्डाची प्रत काढून यायची. झेरॉक्सवाल्याचं दुकान आमच्यावर चालतं असं तो स्वतः कबूल करतो.

याला पाटीही कारण होती. पाटीवर काय लिहावं यावर विश्वस्तांच्या तीन बैठका झाल्या होत्या. ‘गुप्तरोग’ लिहिलं तर शेजारची सोसायटी हरकत घेईल. ‘कुटुंबनियोजन’ लिहिलं तर अविवाहित येणार नाहीत. अविवाहितांनी यावं असं लिहिलं तर विश्वस्तच येणार नाहीत. शेवटी पाटी झाली, ‘आनंदी कुटुंब मार्गदर्शन केंद्र’, आणि खाली उगवता सूर्य. त्याचा परिणाम असा, की कोरेगावचे एक गृहस्थ मुलाचा फोटो, पत्रिका आणि माहितीचा कागद घेऊन आले.

“पोरगं एकुलतं हाय, बागायत हाय. मुलगी तेवढी शेतात जाणारी नको आनि नोकरी करनारी बी नको,” ते म्हणाले.

सिस्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाल्या, “पत्रिका नंतर बघू. मुलाला रक्त तपासायला घेऊन या.”

“रक्त? आवं बाई, छत्तीस गुण जुळवायला रक्त कशाला लागतंय?”

“छत्तीस जुळले आणि सदतिसावा निघाला, तर?”

गृहस्थ पत्रिका गुंडाळून गेले. पण चार महिन्यांनी मुलगाच एकटा आला. नाक्यावर उतरून चालत.

आता निरोधाची पेटी. केंद्राच्या बाहेर भिंतीला एक पेटी होती, ‘मोफत. विचारण्याची गरज नाही.’ मी नवी असताना मला वाटायचं, ही भरलेलीच राहते, म्हणजे कुणी घेत नाही. सिस्टर म्हणाल्या, “तू समोर खुर्ची टाकून बसलीयस.” खुर्ची आत ओढली, पेटी दोन दिवसांत रिकामी. औषधाच्या दुकानात विकत घेणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. तिथं डोकेदुखीची गोळी, खोकल्याचं औषध, बाम असं सगळं घेऊन झाल्यावर चौथी वस्तू म्हणून ते मागायचं. दुकानदार ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळतो, मग काळ्या पिशवीत घालतो. गावात काळी पिशवी दुसऱ्या कशालाच वापरत नाहीत, त्यामुळे लांबून येणाऱ्यालासुद्धा कळतं.

पुरुषांच्या नसबंदीचं म्हणाल, तर मी लागले तेव्हा आमच्या रजिस्टरात पुरुष एक होता. बायका पानंच्या पानं. बाईचं पोट उघडायचं, टाके घालायचे, आठवडाभर वाकू नको म्हणायचं, याला कुणाची हरकत नव्हती. पुरुषाचं काम पाच-दहा मिनिटांचं, सुईएवढी जखम, तो चालत घरी जातो. पण विचारलं की उत्तर ठरलेलं: “मला जड उचलावं लागतंय.” हे म्हणायचा तेव्हा बहुतेक वेळा त्याची बायको कडेवर एक, हातात एक आणि डोक्यावर गाठोडं घेऊन शेजारी उभी असायची.

तो एक पुरुष म्हणजे सुभेदार. फौजेतून निवृत्त, मिशी अजून हजर. दरवर्षी ठरल्या दिवशी तपासणीला यायचे आणि पडवीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, “सिस्टर, मेडिकल करा! पलटनीत आमचं दर साली व्हायचं. त्यात लाजायचं काय? आनि नसबंदी म्हनाल तर मी केलीया. त्याच्यानंतर डोंगर चढलोय, पाठीवर वझं घेऊन!” त्यांचं बोलणं चांगलं, हेतू चांगला, पण आवाज असा, की सुभेदार आले की पडवीतली अर्धी माणसं झेरॉक्सला निघून जायची.

एवढं सगळं सांगितलं ते माझी चूक लांबवायची म्हणून. आता सांगते.

आमच्याकडं माणूस भेटलं की पहिलं विचारायचं, ‘गाव कुठलं?’ दुसरं, ‘कुणाची?’ हे विचारलं नाही तर माणूस म्हणतो, गर्व झालाय. पाणी द्यायच्या आधी गाव विचारायचं. खरं सांगायचं तर हा प्रश्न गावाचा असतो आणि उत्तर जातीचं हवं असतं, पण ते मला लहानपणी कळत नव्हतं. मला ती माया वाटायची. घरापासून एवढ्या लांब, अक्का सोडली तर ओळखीचं कुणी नाही, मी दारात रजिस्टर घेऊन बसलेली. येईल त्याला मी प्रेमानं विचारायची, “या. गाव कुठलं? कुणाच्या तुम्ही?” आणि आमच्या रानातल्या आवाजात विचारायची, जो पलीकडच्या टेकडीवर जायला हवा असतो. आतून सिस्टरांनी नाव विचारलं की मी हाक मारायची, “कोरेगावचं जाधव, तपासणीवालं, आत या!”

पहिल्या महिन्यात आमच्या रजिस्टरात अकरा सुनीता पाटील झाल्या. मला वाटलं, साताऱ्यात हे नाव फार चालतं.

एक दिवस ती आली. पंचविशीची असेल. एकटी, पदर कानामागं घट्ट, हातात कापडाची पिशवी. चालताना डावा पाय किंचित बाहेर टाकायची. मी विचारलं, “या ताई. गाव कुठलं?”

“रहि...” एवढं म्हणाली.

शेजारी तांबी काढायला आलेली एक बाई बसली होती. तिनं लगेच मान वर केली. “रहिमतपूर व्हय? रहिमतपूरच्या कुणाच्या गं? माझी भाची दिलीया तिथं.”

त्या पोरीचा चेहरा असा उतरला, की मलाच काहीतरी चुकल्यासारखं झालं. “न्हाई,” ती म्हणाली. “पुन्याची. पाहुनी आलीया.”

“नाव?” मी विचारलं.

“सुनीता पाटील.”

बारावी.

आत सिस्टरांना तिनं सांगितलं की चौथा महिना आहे. नवऱ्याला काही महिन्यांपूर्वी नको त्या जागी जखम झाली होती, तो लपून कसलासा मलम लावत होता आणि तिला भीती वाटत होती. रक्त घेतलं. अर्ध्या तासात निकाल येतो, तोवर बाहेर थांबा म्हणून सांगितलं. बाहेर ती तांबीवाली बाई होती आणि मी होते. बाई म्हणाली, “पुन्यात कुठं गं?” मी म्हटलं, “चहा घ्या.” दहा मिनिटांनी बघितलं तर खुर्ची रिकामी.

सिस्टर निकालाचा कागद घेऊन दारात आल्या. त्यांनी रिकामी खुर्ची बघितली, रजिस्टर बघितलं आणि मला आत बोलावून दार लावलं.

“सिफिलिस निघालाय,” त्या म्हणाल्या. “ऐक नीट. हा आजार बरा होतो. पेनिसिलिनच्या सुया आहेत, दर आठवड्याला एक, अशा तीन. नवऱ्यालाही द्यायच्या. पण तिच्या पोटात मूल आहे. सुई वेळेत मिळाली तर मूल बहुतेक सुखरूप येतं. नाही मिळाली तर पोटातच जातं, नाहीतर आजार घेऊन येतं. आता सांग, ही पुण्याची सुनीता पाटील मी कुठं शोधू?”

तिनं लिहिलेल्या नंबरावर मीच फोन लावला.

“सुनीताताई आहेत का?”

“कोन सुनीता? हितं वीटभट्टी हाय. विटा पायजेत का?”

दोन दिवसांत विश्वस्तांना कळलं. त्यांतले एक साहेब म्हणाले, दारात शिकलेला माणूस हवा, हिला उद्यापासून येऊ नको सांगा. मी भिंतीला टेकून उभी होते. परत वस्तीवर जायचं तर आप्पा काही बोलले नसते, पण माझ्या लग्नाचं बोलले असते. सिस्टर म्हणाल्या, “काय विचारायचं ते मी तिला शिकवलं. काय विचारायचं नाही ते शिकवलं नाही. चूक लिहायची असेल तर माझ्या नावावर लिहा. आणि माझ्यापुढं ती मुलगी पदरात तोंड घालून बसली होती. तिचा चेहरा आपल्याकडच्या एकाच माणसानं नीट बघितलाय. तिलाच घालवता?”

साहेबांनी महिन्याची मुदत दिली. माझी मुदत महिन्याची, आणि त्या पोटातल्या जिवाची कितीची ते कुणाला ठाऊक नव्हतं.

सिस्टरांनी मला विचारलं, “ओळखशील?”

मला थोडं हसू आलं. दोनशे मेंढरं, पाच-दहा काळी सोडली तर सगळी पांढरी-तांबूस, सगळ्यांची नाकं माडग्याळी, पोपटाच्या चोचीसारखी बाकदार. दुसऱ्याच्या कळपात मिसळली तरी आम्ही आमची निवडून काढतो. कानावरून, चालीवरून, मान वळवण्यावरून. मला नावं राहत नाहीत, पण चाल एकदा बघितली की जात नाही. “ओळखीन,” म्हटलं.

मग सिस्टरांनी रहिमतपूरच्या आठवडी बाजारात शिबिर लावलं. ‘बायकांच्या रक्तातल्या लोहाची तपासणी, मोफत.’ लोह म्हटलं की सगळ्या येतात. लोहाला कुणी लाजत नाही. खरोखरच लोह तपासायचं, गोळ्या द्यायच्या. आमची गाडी बाजाराच्या कडेला, मागं पडदा, पडद्याआड सिस्टर. मी बाहेर पत्रकं वाटत. मला ताकीद होती: ती दिसली तरी ओळख दाखवायची नाही, नाव विचारायचं नाही, आणि गावाचं तर नावच काढायचं नाही. फक्त डोक्यावरचा पदर खाली घ्यायचा, की सिस्टर बघतील.

पहिला बाजार गेला. दुसरा गेला. पुष्कळ बायकांचं लोह कमी निघालं, माझी झोप कमी झाली. दुसऱ्या बाजारी परतताना गाडीत मी रडायला लागले, तर सिस्टर म्हणाल्या, “रडू नको, माझी कंबर आधीच धरलीय. तुमच्याकडचं एखादं घोंगडं असतं तर शेकली असती.” आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांनाही झोप नव्हती, ते मला नंतर कळलं.

तिसऱ्या बाजारी मेथीच्या ढिगापाशी मला तो डावा पाय दिसला. आधी पाय, मग पिशवी, मग ती. बरोबर सासू. सासू म्हणजे अशी, की मेथीवालीनं न सांगता जुडी मोठी केली. मी पदर खाली घेतला. तेवढ्यात त्या पोरीनं मला बघितलं आणि जागच्या जागी थिजली. सासूनं ते टिपलं.

“काय गं? वळखीची हाय का?”

पोरगी मेथीची जुडी चाळायला लागली. सासू माझ्याकडं वळली, मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिनं तोच प्रश्न विचारला.

“कुठली गं तू पोरी? कुणाची?”

आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की तो प्रश्न समोरून आला की कसा लागतो. पुण्याची म्हणावं असं मनात येऊन गेलं. पण सिस्टर पडदा सारून खाली उतरत होत्या, आणि मला एकदम उमजलं की ही म्हातारी आता ज्या कामाला लागणार आहे ते काम अर्ध्या तासाच्या आत कुणाचंच संपत नाही. मी दोन्ही हात मोकळे केले.

“जतकडची, आजी. माडग्याळजवळ आमची वस्ती.”

“जत! आवं, जतला आमच्या थोरल्या नणंदेच्या जावंची लेक दिलीया.”

“कुठं? संखला की उमदीला?”

“आगं ते न्हवं का, यल्लम्माच्या जत्रंला जाताना लागतंय ते...”

“मग तुम्ही आमच्या आप्पांना बघितलं असणार. मेंढरं घेऊन तुमच्याच शिवारात बसायला येतात की!”

“तांबडा पटका? कानात बाळी?”

“व्हय!”

“आगं माझ्या रानात बसवलीया त्यानं मेंढरं! लेंडीखतानं सोनं झालं त्या साली रानाचं! थांब, बस हितं. तुझी आई कुठली?”

आप्पांचा पटका पांढरा होता आणि कानात काही नव्हतं. पण त्या दिवशी मी त्यांना तांबडा बांधला, बाळी घातली आणि म्हातारीच्या रानात दोनदा बसवलं. सिस्टर त्या पोरीला म्हणाल्या, “या, लोह तपासते,” आणि पडद्याआड घेऊन गेल्या. मी म्हातारीला आईचं माहेर सांगितलं, मावश्या सांगितल्या, त्यांच्या जावा सांगितल्या. तिनं तिच्याकडच्या सांगितल्या. शेवटी हिशोब जुळून मी तिची नात निघाले. म्हातारीनं मला मेथीची जुडी दिली.

पडद्याआडून पोरगी बाहेर आली तेव्हा डोळे पुसलेले होते, पण मान वर होती. सिस्टर सासूला म्हणाल्या, “अंगात कस कमी आहे, सुयांचा कोर्स आहे. दर आठवड्याला साताऱ्याला आणावं लागेल.” मला वाटलं, झालं, आता ही म्हणणार घरातली कामं कोण करणार. म्हातारी म्हणाली, “आनते की. ही नात हाय न्हवं तिथं? मलाबी बोलायला हुईल.”

तशी ती आली, तिन्ही आठवडे, चटणी-भाकरी बांधून. आधी सुनेच्या कातडीखाली थोडंसं टोचून सोसतं का ते बघायचं, मग सुई. ही सुई दुखते, कुणाला खोटं सांगणार नाही. पोरगी बसताना ओठ चावायची आणि बाहेर येऊन हसायची. म्हातारी तोवर माझ्यापाशी. मी ऐकत होते, विचारत काहीच नव्हते. ते तेव्हापासून जमायला लागलं.

नवरा मात्र हलेना. “माझं काय? जिचं हाय तिला टोचा,” म्हणाला म्हणे. सिस्टरांनी फोनवर त्याला एकच सांगितलं, की तुम्ही सुई घेतली नाही तर तिच्या तिन्ही सुया फुकट, आजार पुन्हा तुमच्याकडूनच घरात येणार. दुसऱ्या आठवड्यात तो आला. मोटारसायकल नाक्यावर लावून. हेल्मेट घालून, काच खाली, आत तोंडाला रुमाल. पडवीत तसाच बसला. नेमके त्या दिवशी सुभेदार तपासणीला.

“हेल्मेट काढ की गड्या,” सुभेदार म्हणाले. “हितं कोन दगूड मारतंय?”

हेल्मेट हललं नाही.

“काय झालंय? सुई हाय? कुठली?” आणि उत्तराची वाट न बघता, “आमच्यात एकाला झालतं. बोलला न्हाई, लपवून ठिवलं. गोळीला भ्याला न्हाई, सुईला भ्याला. तू घेतोयस न्हवं? मग गडी हायेस. बस सरळ.”

हेल्मेट सरळ बसलं. आणि बरं का, त्या दिवशी पहिल्यांदा सुभेदारांच्या आवाजानं कुणी झेरॉक्सला गेलं नाही. तो माणूस पुढं तिन्ही सुयांना आला. तिसऱ्या वेळी हेल्मेट हातात होतं.

त्याच सुमाराला आम्ही दारातली नावं बंद केली. ही कल्पना माझी, आणि मला तिचा अभिमान आहे. आमच्यात मेंढराला खूण करतात, तशी माणसाला खूण. शाळेच्या बाराखडीचा तक्ता कापला आणि चित्रांची कार्डं केली, निवडणुकीच्या चिन्हांसारखी. आलेल्याला एक कार्ड द्यायचं आणि हाक मारायची, “छत्री आत या.” “कपबशी, थांबा थोडं.” नाव आणि फोन आत, सिस्टरांपाशी, दार लावून. सुनीता पाटील दोन महिन्यांत संपल्या. एक खरी होती ती राहिली. तक्रार एकच आली, सुभेदारांची.

“ससा? मी ससा? पलटनीत माझा दरारा हुता!”

“वाघ आत तपासायला गेलाय,” सिस्टर म्हणाल्या. “आला की देते.”

शेवटच्या सुईच्या दिवशी म्हातारी माझ्याजवळ बसली होती. सून आत. पडवीत दुसरं कुणी नव्हतं. तिनं भाकरीचं फडकं गुडघ्यावर घडी घालायला घेतलं.

“नाते, एक इचारू?”

“विचारा की आजी.”

“सुनंला लोहाची सुई, बरं. ल्योकाला लोहाची सुई कशाला? त्याचं का बाळतपन हाय?”

मी हातातलं छत्रीचं कार्ड गठ्ठ्यात सारलं. सिस्टरांचा नियम होता: दुसऱ्याचं गुपित आईलासुद्धा सांगायचं नाही. मी म्हटलं, “आजी, मला आतलं काही ठाऊक नसतं. मी दारात बसते.”

“बरूबर. न्हाईच सांगायचं,” म्हातारी म्हणाली. फडक्याची घडी मोडून तिनं पुन्हा घातली. “आमच्यात गरमी म्हनायचं त्याला. माझी पयली दोन पोटातच गेली. तिसऱ्याला पोट राहिलं तवा कुनीतरी डाक्टरानं सुया दिल्या, तवा ह्यो ल्योक जगला. मालकांनी मला सांगितलं, लोहाच्या सुया हायेत. मी बी कुनाला इचारलं न्हाई. इचारून कुनाचं भलं झालंय?” “सुनंला सांगू नगंस मला कळलंय त्ये. तिला वाटूदे, सासू येडी हाय.”

मी मान हलवली. त्यांच्या घरात दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होत्या आणि दोघींची चावी माझ्यापाशी होती. ते वजन मला पेललं ते सिस्टरांनी शिकवल्यामुळं. इथं घरं आणि गावं ओळखू येणार नाहीत अशी फिरवून लिहिली आहेत, तेही त्यांनीच शिकवलं.

मुलगी झाली. तिचं रक्त तपासलं, सगळं बरं निघालं. सव्वा महिन्यानंतर सून बाळाला घेऊन आली, तांबी बसवायला. सासू बरोबर. कार्ड दिलं तर सासू म्हणाली, “आमास्नी कार्ड कशाला? आमी घरची मानसं.” मी तरी दिलं. नियम म्हणजे नियम. कपबशी मिळाली.

मी अजून त्याच दारात आहे. अजून भीती वाटते, की आज कुणाला तरी काहीतरी विचारून बसेन. पुरुषांच्या नसबंदीचं पान अजून एकच आहे, पण भरत आलंय. विश्वस्तांची पाटीवर चौथी बैठक आहे. मीनाक्षी सिस्टर मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. नारळ, शाल, भाषणं झाली. ज्या साहेबांनी मला घालवायला काढलं होतं त्यांनी चित्रांच्या कार्डांचं कौतुक संस्थेची दूरदृष्टी म्हणून केलं. सिस्टर खोली सोडून गावी गेल्या.

आणि इथं माझी पंचाईत झाली. या हिवाळ्यात आप्पा कळप कातरतील, तेव्हाची काळी लोकर मी मागून ठेवलीय. आमच्याकडच्या सनगराकडून घोंगडं विणून घ्यायचं, घट्ट, कंबर शेकेल असं. नाव घालायचं नाही. कोपऱ्यात पांढऱ्या लोकरीची छोटी छत्री, एवढीच खूण. त्यांनी मला ज्या दारात बसवलं त्याची परतफेड घोंगड्यानं होत नाही हे मला कळतं, पण हात रिकामे घेऊन मी त्यांच्या उंबऱ्यावर जाणार नाही. फक्त तो उंबरा कुठं आहे हे मला ठाऊक नाही. इतकी वर्षं एका छताखाली काढली, रोज त्यांच्या डब्यातलं खाल्लं, आणि त्यांनी शिकवलेलं एवढं अंगात भिनलं की तेवढं एक कधी विचारलंच नाही.

फोन नंबर आहे. घोंगडं विणून झालं की लावीन. शब्द देते, घेऊन येईन, रिक्षानं थेट दारात उतरेन. त्याआधी, एकदाच, नियम मोडून विचारीन: सिस्टर, गाव कुठलं तुमचं?